बडोद्यात घर नाकारलं गेलं तर: कुठल्या कचेरीत जायचं आणि काय लिहायचं

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी लागलेला परभणीचा एक मुलगा मागच्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसात आला होता. मांजलपूर, माणेजा, तरसाली असं फिरत त्याने नऊ दिवसांत अकरा घरं पाहिली होती. खिशातून एक छोटी वही काढून त्याने माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक ओळीत पत्ता, भाडं, दलालाचा नंबर आणि शेवटी तेच दोन शब्द: ‘नंतर सांगतो’. फोनवर घर रिकामं असायचं. दारात गेल्यावर आडनाव विचारलं जायचं आणि मग ते कालच कोणाला तरी दिलेलं निघायचं. त्याने मला विचारलं, “ताई, याची तक्रार घेणारी एखादी कचेरी असेलच ना?”

मी दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढले आणि गेली बावीस वर्षं एका वकिलांकडे अर्ज लिहिण्याचं काम करते. हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. महाराष्ट्रातून नोकरीला आलेली जोडपी, सयाजीराव विद्यापीठात शिकायला आलेल्या मुली, बदली होऊन आलेले बँकवाले, सगळेच विचारतात. उत्तर थोडक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत या कामासाठी पालिकेचं वेगळं मंडळच असतं. क्लीव्हलंड शहराने समाजासमाजांतले संबंध सांभाळणारं असं मंडळ 1945 सालीच नेमलं. 1968 साली तिथे देशभरासाठी कायदा झाला आणि वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश यांवरून घर नाकारणं गुन्हेगारी नसलं तरी बेकायदा ठरलं. 1974 मध्ये त्या यादीत स्त्री-पुरुष भेद आला, 1988 मध्ये अपंगत्व आणि घरात लहान मुलं असणं आलं. घर नाकारल्यापासून एका वर्षाच्या आत सरकारी गृहनिर्माण खात्याकडे तक्रार करता येते. खातं चौकशी करतं, मध्यस्थी करतं. तिकडे चार वर्षं राहून परत आलेली माणसं बडोद्यातही तसं काहीतरी असेल असं धरून चालतात.

आपल्याकडे असं एक मंडळ नाही. संविधानाचं कलम 15 धर्म, जात, वंश, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला सरकारला मनाई करतं. म्हणजे कॉर्पोरेशनचं घर, हाउसिंग बोर्डाचं घर, सरकारी क्वार्टर या ठिकाणी तुम्ही थेट संविधान पुढे करू शकता. खासगी घरमालकाने घर कोणाला द्यावं, यासाठी सगळ्यांना लागू पडेल असा एकच कायदा नाही. जे आहे ते तुकड्या-तुकड्यांनी आहे: एक तुकडा पोलिसांकडे, एक कलेक्टरकडे, एक सहकार खात्याकडे, एक कोर्टात. आपला प्रश्न कुठल्या तुकड्यात बसतो हे ओळखता आलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे तोंडी नकार कागदावर आणणं. बावीस वर्षांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तोंडी नकाराला कुठलीही कचेरी हात लावत नाही, आणि नकार नेहमी तोंडीच दिला जातो.

घर पाहायला निघण्याआधी

आधार कार्ड, नोकरीचं किंवा कॉलेजचं पत्र, दोन फोटो, मूळ गावचा पत्ता आणि आधीच्या घरमालकाचा नंबर एका फाइलमध्ये ठेवा. एक वही करा. त्या परभणीच्या मुलाने कोणी न सांगता केली होती, आणि पुढे तीच कामाला आली. तारीख, वेळ, घराचा नंबर, दलालाचं नाव, काय बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी लिहा. आठवड्यानंतर आठवून लिहिलेल्या नोंदीत तारखा चुकतात, आणि समोरचा वकील आधी तारखाच धरतो.

इथे तुम्हाला “तमे केवा?” असं विचारतील. शब्दशः अर्थ ‘तुम्ही कसले’, पण विचारलेली असते जात. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला पहिल्यांदा ते कळतच नाही. तो ‘आम्ही मराठी’ असं सांगून मोकळा होतो आणि मग आडनाव विचारलं जातं. दुसरा प्रश्न जेवणाचा. शाकाहारी भाडोत्रीच हवा, अशी अट घालायला घरमालकाला कायद्याची आडकाठी नाही. आपल्यातले कायस्थ, सारस्वत, मराठा, कोळी या सगळ्यांनी ती अट सोसलेली आहे. माझ्या ओळखीच्या एका सीकेपी वहिनींच्या स्वयंपाकघरात घरमालकीणबाईंनी करार झाल्यावर महिनाभराने येऊन फ्रीज उघडून पाहिला होता. वहिनी हातात पोळीचं लाटणं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. काय बोलावं ते त्यांना सुचेना. हा अपमानच आहे. तरी मी त्यांना एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगते. तुम्हाला जेवणाचा प्रश्न एकदा विचारला जातो. दलित किंवा मुसलमान भाडोत्र्याच्या बाबतीत जेवण हे कित्येकदा सांगायचं कारण असतं, खरं कारण आडनाव असतं. त्यामुळे ‘मी शाकाहारी आहे’ असं सांगूनही घर मिळालं नाही, तर ती नोंद वहीत जाड अक्षरात करा. पुढे तोच पुरावा होतो.

आडनाव लपवू नका. ही सूचना मी कळवळून करते, कारण लपवावंसं का वाटतं ते मला समजतं. या शहराने ती गोष्ट शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली अमेरिकेला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये करार पाळायला बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. राजाने अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या होत्या, 1906 पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. पण त्या राजाच्या अधिकाऱ्याला शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली पारशी माणसं खोलीच्या दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती; दोघांनीही काही ना काही कारण सांगितलं. मग कमाठीबागेत, म्हणजेच सयाजीबागेत, झाडाखाली बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. सयाजीबागेतल्या त्या जागेला आज संकल्पभूमी म्हणतात आणि 23 सप्टेंबरला तिथे हजारो लोक येतात. नवीन आला असाल तर एकदा तिथे जाऊन या.

तेव्हा नाव अकरा दिवस लपलं. आता एक दिवसही लपत नाही, कारण पोलिसांकडे भाडोत्र्याची नोंद आधार कार्डावरूनच होते. खोटं नाव दिलंत तर घर जातं ते जातंच, वर दोष तुमच्या माथी येतो.

नकार कागदावर आणायचा कसा

घर पाहून आलात, भाडं ठरलं आणि मग दलालाने फोन उचलणं बंद केलं, तर भांडू नका. एक साधा मेसेज करा. दलालाला आणि जमल्यास घरमालकालाही. आम्ही त्या मुलाकडून गुजरातीत लिहून घेतलेला मेसेज साधारण असा होता: “नमस्ते बेन, काल संध्याकाळी सहा वाजता तुमचं तरसालीचं टेनामेंट पाहिलं. भाडं 9,000 आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट ठरलं होतं. मी उद्या टोकन द्यायला तयार आहे. घर मला द्यायला काही अडचण असेल तर कोणती, तेवढं कृपा करून कळवा.”

यात आरोप नाही, जातीचा उल्लेख नाही. पण घर रिकामं होतं, भाडं ठरलं होतं, पैसे तयार होते, या तीन गोष्टी तारखेसकट लिहिल्या गेल्या. समोरून काय येईल सांगता येत नाही. कोणी काहीच लिहीत नाही, कोणी ‘दिलं’ म्हणतं आणि त्याच घराची जाहिरात पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसते. त्या जाहिरातीचा तारखेसकट स्क्रीनशॉट घ्या. कोणी सरळ लिहूनही टाकतं, ‘सोसायटीवाले तुमच्या लोकांना ना म्हणतात’. असं उत्तर आलं तर फोन जपा. मेसेज पुसू नका, फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. कोर्टात मोबाइलमधला पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली एक प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला तर ते सोपं जातं.

टोकन दिलं असेल तर पावती घ्या. पावती देत नसतील तर रोख देऊ नका, यूपीआयने द्या आणि शेऱ्यात घराचा नंबर लिहा.

सोसायटी आड आली तर

बडोद्यात घरमालक स्वतः तयार असतो आणि सोसायटीचा प्रमुख किंवा मंत्री ‘एनओसी देणार नाही’ म्हणतो, हे फार वेळा घडतं. (महाराष्ट्रात ज्याला आपण चेअरमन आणि सेक्रेटरी म्हणतो, ते इथे प्रमुख आणि मंत्री.) पहिला प्रश्न हा विचारा की सोसायटीचा नोंदणी क्रमांक काय. पुष्कळ वसाहती नावाच्याच सोसायट्या असतात, कुठे नोंदलेल्या नसतात. त्यांच्या ‘नियमा’ला गेटवरच्या फलकापलीकडे किंमत नाही.

सोसायटी सहकार कायद्याखाली नोंदलेली असेल तर तिचे पोटनियम मागा, इथे त्यांना पेटानियम म्हणतात. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. 1961 च्या गुजरात सहकारी मंडळी कायद्याचं कलम 24 सांगतं की पोटनियमांप्रमाणे पात्र असलेल्या माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर रजिस्ट्रारकडे दाद मागता येते. पण ‘पोटनियमांप्रमाणे पात्र’ या शब्दांत सगळी मेख आहे. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली निकाल दिला की फक्त पारशांनाच सभासद करण्याचा पोटनियम सोसायटी ठेवू शकते. एका समाजापुरती सोसायटी काढणं त्या निकालामुळे कायदेशीर राहिलं. मला तो निकाल पटत नाही. ज्या शहरात चांगल्या शाळांजवळच्या वसाहती अशाच एकेका समाजाच्या होत जातात, तिथे बाकीच्यांची मुलं लांबच राहतात. पण निकाल निकाल आहे, आणि त्याच्याविरुद्ध डोकं आपटत वर्ष घालवू नका.

मात्र पोटनियमात अशी अट लिहिलेली नसेल आणि मंत्री केवळ ‘आमच्याकडे चालत नाही’ म्हणत असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. एनओसीसाठी लेखी अर्ज द्या आणि नकार लेखी मागा. घर विकत घेणाऱ्याने स्वतः जिल्हा रजिस्ट्रार, सहकारी मंडळ्या, यांच्याकडे जावं. भाडोत्री सभासद नसतो, म्हणून भाड्याच्या प्रकरणात अर्ज घरमालकाच्या सहीने जायला हवा. घरमालक सही द्यायला कचरत असेल तर त्याला दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्या की त्याला पुढची तीस वर्षं त्याच लोकांत राहायचंय.

कायदा ठामपणे तुमच्या बाजूला केव्हा असतो

अनुसूचित जातीच्या माणसाला अस्पृश्यतेच्या कारणाने घर नाकारणं हा गुन्हा आहे, आणि तो आजचा नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 मध्ये कोणत्याही वस्तीत राहण्यासाठी घर बांधणं, घेणं किंवा त्यात राहणं यात अडथळा आणणं स्पष्ट शब्दांत येतं. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. त्याच कायद्याचं कलम 12 फारच थोड्यांना माहीत असतं: असं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत झालं असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं असं कोर्टाने गृहीत धरायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी समोरच्याची. ठाण्यात अर्ज देताना हे कलम नाव घेऊन लिहा.

1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा याहून कडक आहे. 2015 च्या दुरुस्तीनंतर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, त्याची धमकी देणं यात येतं. राहायला आल्यावर पाणी बंद करणं, दूधवाल्याला, कामवाल्या बाईंना तुमच्याकडे जायला मना करणं, अशा गोष्टी त्याच सदरात लिहायच्या. एक अडचण सांगून ठेवते. जातिवाचक अपमानाच्या कलमासाठी तो लोकांच्या देखत झालेला असावा लागतो. बंद खोलीत किंवा फोनवर फक्त दोघांतच झालेलं बोलणं तिथे अपुरं पडतं. म्हणून जिन्यात, गेटवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोण कोण हजर होतं त्यांची नावं वहीत हवीत. 2018 च्या दुरुस्तीप्रमाणे या कायद्याखाली गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही. ठाण्यात ‘आधी चौकशी करतो’ म्हणाले तर कलम 18 अ म्हणून नम्रपणे दाखवा. तरीही घेतलं नाही तर तोच अर्ज पोलीस कमिशनरांना लेखी पाठवा, आणि त्यानंतर मॅजिस्ट्रेट आहेत. 14566 हा अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे नोंदवलेल्या तक्रारीलाही क्रमांक मिळतो.

प्रत्येक जिल्ह्यात याच कायद्याच्या नियमांखाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली एक दक्षता आणि देखरेख समिती असते. तीन महिन्यांतून एकदा तरी ती बसायला हवी. आपल्या प्रकरणाची प्रत ‘दक्षता समितीपुढे ठेवावी’ असं लिहून कलेक्टर कचेरीत आणि समाजकल्याणच्या अनुसूचित जाती कल्याण कार्यालयात द्या. अडून राहिलेला तपास या समितीच्या बैठकीत विचारला जातो.

तृतीयपंथी व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी 2017 चा कायदा, या दोन्हींत घर भाड्याने घेणं, विकत घेणं, त्यात राहणं याबाबतचा भेदभाव नावानिशी मना केलेला आहे. आमच्या ऑफिसात या दोन कायद्यांखाली अर्ज क्वचितच आले. लोकांना ते माहीतच नाहीत.

धर्मावरून खासगी घरमालकाने घर नाकारलं तर त्याला गुन्हा ठरवणारं असं थेट कलम नाही. हे लिहिताना मला जड जातं. तिथे उरतात सोसायटीचे पोटनियम, दिल्लीच्या राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाकडे लेखी अर्ज, आणि धमकी किंवा मारहाण झाली असेल तर सरळ पोलीस.

विकत घेणार असाल तर अशांत धारा समजून घ्या

गुजरातबाहेरून आलेल्याला हा कायदा सर्वांत अनोळखी असतो. 1991 चा अशांत विस्तारांविषयीचा कायदा, इथल्या बोलीत ‘अशांत धारा’. सरकारने अधिसूचना काढून एखादा भाग अशांत जाहीर केला की तिथली मिळकत कलेक्टरांच्या आधी घेतलेल्या मंजुरीशिवाय हस्तांतर करता येत नाही. दोन्ही पक्ष एकाच धर्माचे असले तरी. बडोद्याच्या जुन्या शहराचे बरेच भाग यात आहेत आणि यादी वेळोवेळी वाढत गेली आहे. टोकन देण्याआधी सर्व्हे नंबर घेऊन प्रांत कचेरीत जा आणि आपली मिळकत यादीत आहे का ते पाहून या. मंजुरीशिवाय केलेला दस्तावेज रद्दबातल ठरतो आणि 2020 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत तीन ते पाच वर्षांची शिक्षा सांगितली आहे. त्या दुरुस्तीला उच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे.

अर्ज दिल्यावर पोलीस आणि मामलतदार यांचा अभिप्राय मागवला जातो, शेजाऱ्यांचे जबाब घेतले जातात. इथेच गाडी अडते. शेजारी ‘आम्हाला हे लोक नकोत’ असं लिहून देतात आणि फाइल पडून राहते. मूळ कायद्याप्रमाणे कलेक्टरांनी पाहायच्या गोष्टी दोनच होत्या: विकणारा आपखुशीने विकतोय का, आणि किंमत वाजवी आहे का. बडोद्यातल्याच एका दुकानाच्या विक्रीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने 2020 साली तेच सांगून मंजुरी दिली. शेजारी तरीही कोर्टात येत राहिले, तेव्हा 2023 मध्ये त्यांना दंड भरायला लावला. तेव्हा अर्जासोबत विकणाऱ्याचं आपखुशीचं प्रतिज्ञापत्र, बँकेतून दिलेल्या पैशांच्या नोंदी आणि जंत्रीच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, भावाशी तुलना जोडाच. मंजुरी नाकारली तर राज्य सरकारकडे अपील आहे.

कॉर्पोरेशनच्या घरांची गोष्ट वेगळी. सरकारी योजनेत घर सोडतीने लागतं आणि तिथे धर्म-जातीचा रकाना, कायद्याने ठरलेल्या राखीव जागांखेरीज, आडवा येऊ शकत नाही. तरी 2024 च्या जूनमध्ये हरणी भागातल्या कॉर्पोरेशनच्या 462 घरांच्या वसाहतीत, 2017 साली नियमाने घर लागलेल्या एका मुसलमान बाईंविरुद्ध इतर रहिवासी निदर्शनं करत होते. वाटपाचं पत्र तिच्याकडे होतं, हक्क तिचा होता, तरी तिला तिथे जाऊन राहता येत नव्हतं. या बातमीने मला कित्येक रात्री झोप लागली नाही. अशा वेळी खंडेराव मार्केटच्या मुख्य कचेरीत म्युनिसिपल कमिशनरांच्या नावे अर्ज द्या आणि त्यात दोन वेगवेगळ्या मागण्या करा: वाटप कायम असल्याचं लेखी पत्र आणि राहायला जाताना पोलीस बंदोबस्त.

अर्ज कुठे, कसा

शहरात 19 वॉर्ड आहेत आणि प्रत्येक वॉर्डातून चार नगरसेवक निवडून येतात, असे एकूण 76. चौघांनाही भेटा, एक टाळतो, दुसरा ऐकतो. नगरसेवक घरमालकाला घर द्यायला लावू शकत नाही, पण पाण्याचं, ड्रेनेजचं, कचऱ्याचं काही अडवलं जात असेल तर ते वॉर्ड ऑफिसचं काम आहे आणि तिथे त्याचा शब्द चालतो.

अर्ज गुजरातीत लिहा किंवा लिहून घ्या. हिंदी-इंग्रजीही चालतं, पण टेबलावरचा माणूस गुजराती अर्ज लवकर वाचतो. एकच पान. पहिल्या परिच्छेदात तारीख-वार काय घडलं, दुसऱ्यात कोणत्या कायद्याचं कलम, तिसऱ्यात नेमकं काय हवंय. ‘न्याय मिळावा’ असं लिहू नका. ‘अमुक कलमाखाली गुन्हा नोंदवावा’, ‘नकार लेखी द्यावा’ असं लिहा. दोन प्रती न्या. आवक विभागाच्या खिडकीत एक प्रत द्यायची, दुसरीवर शिक्का घ्यायचा. तिथला क्लार्क जांभळ्या शाईचा शिक्का मारतो आणि त्यातल्या रिकाम्या रेघेवर पेनाने क्रमांक घालतो. कित्येकदा शिक्का मारतात आणि क्रमांक घालायचं राहतं. खिडकी सोडण्याआधी बघा, आणि राहिला असेल तर “भाई, आवक नंबर लिहून द्या ना” असं म्हणा. क्रमांक नसलेला अर्ज पुढच्या वेळी कोणालाच सापडत नाही.

महिन्याने उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात त्याच आवक क्रमांकावर काय कारवाई झाली ते विचारा. गुजरातेत फी 20 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. 2003 पासून चालू असलेल्या ‘स्वागत’ या तक्रार निवारण कार्यक्रमातही दर महिन्याला तालुका आणि जिल्हा पातळीवर अर्ज घेतले जातात. प्रकरण कोर्टात असेल तर मात्र तिथे घेत नाहीत, म्हणून आधी स्वागत, मग कोर्ट, हा क्रम ठेवा. एखाद्या सरकारी अधिकाऱ्यानेच अन्याय केला असेल तर गांधीनगरचा राज्य मानवाधिकार आयोग.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी मागे फिरू नये. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी फुकट वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात आहे, फोन 15100. एकट्या राहणाऱ्या मुलींना घरमालक रात्री-बेरात्री येऊन त्रास देत असेल तर 181 अभयम, बायकांसाठीची हेल्पलाइन. त्यांची गाडी येते.

घर मिळाल्यावर

भाडा करार 11 महिन्यांचा, नोटरी केलेला, एक प्रत तुमच्याकडे. मग पोलिसांकडे भाडोत्र्याची नोंद. पोलीस कमिशनरांच्या जाहीरनाम्याप्रमाणे ती घरमालकाने करायची असते, गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरूनही होते. तो टाळत असेल तर तुम्ही मागे लागा. ती नोंद म्हणजे तुम्ही त्या घरात अमुक तारखेपासून कायदेशीर राहता याचा सरकारी कागद. उद्या कोणी ‘हे घुसलेत’ म्हणालं तर तोच दाखवायचा. जुन्या भागातल्या भाडोत्री घरांत घरमालक वीज-पाणी तोडून बाहेर काढू पाहत असेल तर 1947 च्या भाडे कायद्याचं कलम 24 आहे. कोर्ट जोडणी परत द्यायला लावतं.

आणि आपल्या पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत जा. तिला कायद्याने कसलाही अधिकार नाही. गणपती, मोहरम, ईद, रामनवमी यांच्या आधी पीआय साहेब परिसरातल्या मंडळांचे, मशिदींचे, वेपाऱ्यांचे लोक बोलावतात, मिरवणुकीचा रस्ता आणि वेळ ठरते, चहा होतो. नवख्याला तिथे कोणी बोलावत नाही; ठाण्यात जाऊन नाव नोंदवावं लागतं. आमच्या भागात एका मुसलमान शिक्षकांना घर मिळत नव्हतं, तेव्हा त्याच समितीत बसणारे आमच्या गणेश मंडळाचे एक काका स्वतः घरमालकाकडे गेले आणि “सरांना मी ओळखतो, वर्षानुवर्षं मीटिंगला भेटतो” एवढंच बोलले. घर मिळालं. सगळे कायदे सांगून झाल्यावर हे लिहायला मला थोडं संकोचल्यासारखं होतं, कारण घर ओळखीने नव्हे, हक्काने मिळायला हवं. पण ज्याला पहिल्या तारखेला सामान हलवायचंय, त्याच्यासाठी दोन्ही दारं ठोठावलेली बरी.

परभणीच्या मुलाने अकरापैकी एका घराबाबत ठाण्यात अर्ज दिला. त्या मालकीणबाईंनी मेसेजला उत्तर दिलं होतं आणि त्यात कारण स्पष्ट लिहिलं होतं. ठाण्यातून फोन गेल्यावर त्या घर द्यायला तयार झाल्या. त्याने ते घेतलं नाही, अर्जही मागे घेतला नाही. सध्या तो तरसालीलाच दुसऱ्या गल्लीत, एका निवृत्त रेल्वेवाल्यांच्या टेनामेंटमध्ये वरच्या खोलीत राहतो. भाडा करार, पोलीस नोंदीची प्रत आणि आवक क्रमांकाचा अर्ज, तिन्ही त्या वहीत घडी करून ठेवलेत. जबाबासाठी त्याला पुढच्या महिन्यात बोलावलंय.